'आपण' म्हणजे नेमके कोण?

१६ डिसेंबर २०२५ रोजी आयपीएलचा लिलाव अबूधाबीत चालला होता आणि त्याचे पडसाद रामदासपेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर उमटत होते. महाविद्यालयातून परतताना तेथे अर्धा-अर्धा कप घेण्याची आमची जुनी सवय. बाकावर आमचेच तीन विद्यार्थी मोबाईलवर डोळे लावून बसलेले. "व्यंकटेशले आपण सात कोटीत उचललं बे, चोरीच केली!" एक म्हणाला. "तुमचं बरं आहे भाऊ, आपल्याजवळ तर पावणेतीन कोटीच होते, आपण काय घेणार?" दुसरा कळवळला. तिसरा सर्वांत दुःखी होता : "आपण एकट्या ग्रीनवर पंचवीस कोटी घातले, पर्सची पार वाट लावली." मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "सर, तुम्हीच सांगा, पंचवीस कोटी जास्त झाले की नाही?"

आम्ही विचारले, "कोणाला?"

तिघांनीही आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, तिच्यातून हा लेख निघाला आहे.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. क्रिकेटचे जाणकार असल्याचा आमचा दावा नाही. परंतु येथे प्रश्न एका सर्वनामाचा आहे, आणि सर्वनामे हा आमच्या पोटापाण्याचा विषय आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये किंवा इंग्रजीच्या 'वुई'मध्ये जो भेद होत नाही, तो मराठी काटेकोरपणे करते. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. एकाच बाकावरच्या तीन मुलांनी तीन वेळा 'आपण' म्हटले. त्यांतला पहिला 'आपण' बंगळूरूचा, दुसरा मुंबईचा, तिसरा कोलकात्याचा. नागपूरचा एकही नाही, कारण आयपीएलमध्ये नागपूरचा संघच नाही. आणि तिन्ही वाक्यांत खेळ कोठेच नव्हता, होता तो केवळ खर्च. व्यंकटेश अय्यर डावाच्या कोणत्या टप्प्यावर खेळायला येईल, हा त्यांच्या चर्चेचा विषय नव्हता. २०२४ च्या लिलावात २३ कोटी ७५ लाखांना गेलेला माणूस वर्षभरात ७ कोटींवर आला, हे त्यांना 'आपले' यश वाटत होते. एका माणसाच्या मोबदल्यातली जवळजवळ १७ कोटींची घट पाहून आनंद कोणाला व्हावा? आमच्या समजुतीप्रमाणे तो त्याला पगार देणाऱ्या मालकाला व्हावा. बाकावरच्या विद्यार्थ्याला तो का झाला, हा आमचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : लिलावाच्या या हंगामी वादांनी चाहत्याला प्रेक्षकाच्या जागेवरून उठवून मालकाच्या कारकुनाच्या खुर्चीत बसवले आहे, आणि तेही बिनपगारी. तो आता धावा मोजत नाही, पर्समधली शिल्लक मोजतो. याचा कळस आम्ही २०२४ मध्ये पाहिला. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेल्या भारतीय खेळाडूस 'अनकॅप्ड' समजण्याचा नियम त्या वर्षी परत आला आणि विश्वचषक जिंकून देणारा महेंद्रसिंग धोनी कागदोपत्री नवख्यांच्या रांगेत बसून ४ कोटींत चेन्नईकडे राहिला. २००८ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली त्याच्यावरच, १५ लाख डॉलरची, लागली होती. त्याच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्यांना या घटनेत काही विपरीत दिसेल असे आम्हांस वाटले होते. प्रत्यक्षात ऐकू आले ते इतकेच : "आपली पर्स वाचली." भक्ताने देवाच्या नैवेद्यात काटकसर करावी आणि वर त्या बचतीचा उत्सव करावा, असा हा प्रकार.

पर्सची मर्यादा ही काय वस्तू आहे, हे एकदा नीट पाहू. प्रत्येक संघाने खेळाडूंवर ठरावीक रकमेहून अधिक खर्च करायचा नाही, असा हा नियम. २०२५ च्या हंगामासाठी ती रक्कम १२० कोटी होती, २०२६ साठी १२५ कोटी झाली. याचे समर्थन सर्वांना पाठ आहे : मर्यादा नसती तर श्रीमंत मालकाने सगळेच उत्तम खेळाडू नेले असते आणि स्पर्धा एकतर्फी झाली असती. हे समर्थन खोटे नाही. गुजरातचा नवा संघ २०२२ मध्ये पदार्पणातच विजेता ठरला आणि बंगळूरूला पहिल्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत अठरा हंगाम थांबावे लागले. हा समतोल मर्यादेविना साधला असता, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू विदर्भातल्या वाचकाला तरी समजावून सांगावी लागू नये. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात दहा खरेदीदार उभे आहेत, आणि कोणीही अमुक रकमेवर पैसा ओतायचा नाही असे त्यांचे आधीच ठरले आहे. आपण, म्हणजे येथे खरोखरच आपण, या व्यवहाराला काय म्हणू? संगनमत म्हणू. गावात निषेधसभा घेऊ, वर्तमानपत्रांना पत्रे लिहू. तोच व्यवहार दहा संघमालकांनी केला की मात्र आपण त्याला 'समतोल' म्हणतो आणि एखाद्या खरेदीदाराने दोन पैसे जास्त मोजले तर शेतकऱ्याच्या वतीने आनंद मानण्याऐवजी खरेदीदाराच्या वतीने हळहळतो. शिवाय शेतकरी निदान दुसऱ्या बाजारात गाडी नेऊ शकतो. खेळत असलेल्या भारतीय पुरुष क्रिकेटपटूला परदेशी लीगमध्ये खेळण्याची परवानगी भारतीय मंडळ देत नाही. त्याच्यासाठी बाजार एकच.

आकडे बोलके आहेत. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. दहा संघांच्या १२० कोटींच्या पर्स एकत्र केल्या तर होतात १,२०० कोटी. प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख रुपयांचे मानधन २०२५ पासून निराळे मिळू लागले, ते जमेस धरले तरी ही रक्कम केवळ प्रसारणहक्कांच्या उत्पन्नाच्या १४ टक्क्यांच्या आतच राहते. तिकिटे, प्रायोजक यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. आता अमेरिकन फुटबॉलकडे पाहा. तेथील एनएफएलमध्ये १९९४ पासून अशीच मर्यादा आहे. पण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी होऊन केलेल्या करारातून ठरते, आणि त्या करारानुसार लीगच्या उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंकडे जातो. आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली खरी, पण ती निवृत्तांची. जो आज खेळतो आहे त्याच्या वतीने मर्यादेविषयी बोलणारा कोणीच नाही. म्हणजे मर्यादा आपण आणली, पण तिच्यासमोर बसणारी दुसरी बाजू आणायची राहिली.

ज्या ग्रीनपायी आमचा विद्यार्थी शोक करीत होता, त्याचेच उदाहरण घ्या. कोलकात्याने बोली लावली २५ कोटी २० लाखांची. त्याच्या हाती पडणार १८ कोटी. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या मानधनावर निराळी मर्यादा असून वरचे ७ कोटी २० लाख मंडळाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून, जातात. किंमत एक आणि मजुरी दुसरी, हे इतक्या उघडपणे दाखवणारे उदाहरण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही शोधून सापडणार नाही. आम्ही ते मुलांना सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, "पण सर, आपल्या पर्समधून तर पंचवीसच गेले नं!" खेळाडूला काय मिळाले हा मुद्दाच नव्हता.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला असा की, हे कोट्यधीश. त्यांच्यासाठी अश्रू कशाला? अश्रू आम्ही ढाळत नाही. २७ कोटींना गेलेल्या ऋषभ पंतची चिंता करण्याची ऐपत आमच्या पगारात नाही. उलट लिलावाने दिलेले आम्ही मान्य करतो. खाणकामगाराचा मुलगा असलेला खापरखेड्याचा उमेश यादव आणि २०२४ मध्ये ११ कोटींची बोली मिळवणारा अमरावतीचा जितेश शर्मा यांच्या घरी जो पैसा आला, तो रणजीतून आला नसता. मात्र त्याच २०२४ च्या लिलावात उमेशवर बोलीच लागली नाही, आणि भारतासाठी पन्नासहून अधिक कसोटी सामने खेळलेल्या गोलंदाजाच्या नावापुढे 'अनसोल्ड' हा शब्द आला. हा शब्द वखारीतल्या मालाचा आहे. तो माणसाला लावताना आपली जीभ अडखळत नाही, ही आमची तक्रार आहे.

सवयी मैदानावर राहत नाहीत, त्या घरी येतात. आमचे एक सहकारी एका महाविद्यालयात अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. तासांप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, दर जूनमध्ये नव्याने अर्ज. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी तेही ग्रीन किती महाग पडला हेच सांगत होते. आम्ही त्यांना म्हटले, "सर, तुमचं काय?" ते हसले आणि म्हणाले, "आमची बेस प्राइस ठरलेली आहे, आणि बोली लावणारा एकच." त्यानंतर कोणीच काही बोलले नाही. स्वतः तासांवर मोजला जाणारा माणूस दुसऱ्याच्या मोलमजुरीचा विचार मालकाच्या बाजूने करतो, तेव्हा ती सवय निरुपद्रवी करमणूक राहिलेली नसते.

दुसरा आक्षेप असा की, संघावरचे प्रेम पर्सनेच व्यक्त होते, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे की, ज्याला आपण 'आपण' म्हणतो तो आपल्याला 'आपण' म्हणत नाही. पुणेकरांना विचारा. पुणे वॉरियर्स आले आणि २०१३ मध्ये संपले. मग आलेला दुसरा पुणे संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्याची दोन वर्षांची मुदत संपताच नाहीसा झाला. २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे काही सामने आमच्या जामठ्यात झाले, तेव्हा नागपूरकरांनीही काही संध्याकाळ 'आपण' म्हणून पाहिले. तो संघ २०१२ मध्ये इतिहासजमा झाला. आणि ४ जून २०२५ ला, बंगळूरूच्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी, 'आपण जिंकलो' म्हणत चिन्नास्वामी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगरून ११ माणसे गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संघाच्या मालक कंपनीने या गुंतवणुकीचा फेरविचार जाहीर केला. ज्यांनी जीव लावला, त्यांना या विचारात कोणी विचारले नाही.

आता जामठ्याविषयीच. २०२५ च्या मार्चमध्ये विदर्भाने तेथे केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. करुण नायर कर्नाटकातून आपल्याकडे आलेला. समोर केरळसाठी ७९ धावा करणारा आदित्य सरवटे २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ११ बळी घेतलेला. एकाच खेळपट्टीवर 'आपला' आणि 'परका' यांची अशी अदलाबदल! यावर आमच्या टपरीवर आठवडाभर वाद व्हायला हवा होता. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणीही घेतले नव्हते. त्याच मे महिन्यात दुसऱ्याच्या दुखापतीने रिकामी झालेली जागा भरण्यासाठी हैदराबादने त्याला घेतले, ३० लाखांना. आम्ही बाकावरच्या मुलांना हे विचारले. ३० लाखांचा आकडा एकाला माहीत होता. ६९ चा कोणालाच नव्हता.

वाद घालू नका, असे आम्ही सांगत नाही. वाद हा तर चाहत्याचा जन्मसिद्ध हक्क. अकरात कोण असावा, कोणाचा खेळ थकला, कोणाला संधी मिळाली नाही, यावर घसा बसेपर्यंत भांडावे. आमची मागणी एवढीच आहे की, पुढच्या लिलावाला 'आपण पंचवीस कोटी घातले' असे वाक्य जिभेवर येईल तेव्हा क्षणभर थांबून आपला खिसा चाचपावा. त्यात चहाचे दहा रुपये असतील तर ते आपले. पर्स दुसऱ्याची आहे, आणि तिच्यातून कमी पैसे गेले म्हणून आपल्याला एक चहाही फुकट मिळणार नाही.