पेढी आणि संगणक : नवी ड्राइव्ह बसविली, तरी वेग कमीच?

अनेक पेढ्यांवर दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक आजही हिशेबाचे काम सांभाळत असतो. तो संथ झाला की जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, बसविली जाते. हा निर्णय बहुधा योग्यच असतो. परंतु खोक्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट असा वेग छापलेला असतो आणि प्रत्यक्ष मोजणीत २७०-२८० एवढाच आकडा दिसतो. मग माल खोटा निघाला असे समजून ड्राइव्ह परत केली जाते, किंवा संगणकच मोडीत काढला जातो. दोष मात्र पुष्कळदा ड्राइव्हचा नसतो. तिला मिळालेल्या वाटेचा असतो.

तपासणीपूर्वी हिशेबाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. एसएसडीवरून पुसली गेलेली माहिती परत मिळविणे हार्ड डिस्कच्या तुलनेत फार अवघड असते. विवरणपत्रांची मुदत तोंडावर असताना हे काम हाती घेऊ नये.

त्यानंतर जोडणी पाहावी. ड्राइव्ह व मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या सॅटा व्यवस्थेच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांची कमाल मर्यादा अनुक्रमे सेकंदाला १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट आहे. दुसऱ्या पिढीच्या जोडणीवर २८० हा आकडा म्हणजे पूर्ण वेगच होय. २०११ च्या सुमाराच्या इंटेल चिपसेटच्या अनेक मदरबोर्डांवर सहापैकी दोनच जोडण्या तिसऱ्या पिढीच्या असत. ड्राइव्ह चुकीच्या खाचेत बसली असेल, तर केवळ केबल हलविल्याने वेग दुप्पट होऊ शकतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा विनामूल्य प्रोग्राम चालू असलेला आणि शक्य असलेला, असे दोन्ही वेग शेजारी शेजारी दाखवितो.

तिसरी बाब बायोसमधील मांडणीची. जुन्या संगणकात सॅटाची पद्धत ‘आयडीई’ अशी ठेवलेली आढळते. एसएसडीसाठी ती ‘एएचसीआय’ असावी. पूर्वतयारी न करता हा बदल केल्यास विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो, म्हणून तो जाणकार तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावा.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरविली असेल, तर आणखी एक दोष संभवतो. विंडोज एक्सपीच्या काळात विभागाची सुरुवात ६३व्या सेक्टरपासून होत असे. ही जागा एसएसडीच्या अंतर्गत कप्प्यांशी जुळत नाही. त्यामुळे एका नोंदीसाठी दोन कप्पे हाताळावे लागतात. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये विभागाच्या सुरुवातीचा आकडा मिळतो. त्याला ४०९६ ने पूर्ण भाग गेला तर मांडणी ठीक आहे.

ड्राइव्ह आरंभी वेगवान असून काही महिन्यांनी मंदावली असेल, तर मोकळी जागा पाहावी. काठोकाठ भरलेल्या एसएसडीला नवी नोंद लिहिण्याआधी जुन्यांची उलथापालथ करावी लागते. सुमारे पंधरा टक्के जागा रिकामी असावी. पुसलेल्या जागेची वर्दी ड्राइव्हला देणारी ‘ट्रिम’ ही सोय विंडोज ७ पासून आहे, एक्सपीत नाही. एसएसडीवर डिफ्रॅग मात्र करू नये.

एवढे करूनही हिशेबाचा प्रोग्राम सावकाश उघडत असेल, तर कारण ड्राइव्हबाहेर शोधावे. अपुरी रॅम हे एक कारण. दुसरे, हिशेबाची माहिती आतल्या खोलीतील संगणकावर असेल आणि मधले नेटवर्क १०० मेगाबिटचे असेल, तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा अधिक माहिती येऊच शकत नाही. तेथे महागडी ड्राइव्ह घेऊन काहीच साधत नाही.

मुळात २८० हा आकडा पेढीच्या कामाला कमी नाही. मोठी चित्रफीत उतरविताना सलग वेग लागतो. खातेवही उघडताना असंख्य लहान नोंदी ठिकठिकाणांहून वाचल्या जातात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला नोंद हाताखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागते, वाचणारा दांडा हलण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. हा लाभ जुन्या जोडणीवरही बव्हंशी हाती लागतो.

म्हणून नवा संगणक घेण्याचा खर्च ठरविण्यापूर्वी जोडणीची पिढी, बायोसची पद्धत, मोकळी जागा आणि मोजलेला वेग या चार नोंदी दिनांकासह एका कागदावर लिहून ठेवाव्यात. तंत्रज्ञ येईल तेव्हा तोच कागद त्याच्यापुढे ठेवावा.