बंद गॅलरीतली ओल पावसाआधीच आवरा

चारकोपची बैठी घरं 1985 साली सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या प्रकल्पातली. म्हाडाने प्लॉट दिले, लोकांनी जमेल तसं घर वाढवलं. आता गॅलरीला काचा आणि गच्चीला पत्रा लागतो, आणि तिथेच मुलांचा अभ्यास किंवा आजोबांची खाट येते. मे महिन्यात ती खोली भाजून काढते, जुलैत भिंतीवर काळी बुरशी चढते. मग कुणी थर्माकोल, पीव्हीसीचं पॅनल सुचवतं.

कृपा करून ओल्या भिंतीवर पॅनल ठोकू नका. पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि मागे बुरशी वाढत राहते. आधी ओल कुठून येते ते पाहा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली आहे.

भिंतीतली ओल बाहेरूनच बंद करावी लागते. पावसाचा मारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भेगा, छज्जा, खिडकीचा उतार आधी पाहा. खिडकी मोठी करायला छज्जा तोडणं तर मला अजिबात पटत नाही. स्लायडिंगच्या पट्टीतली पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवलेली असतील तर मोकळी करा.

हवेतल्या ओलीचं गणित वेगळं. थंड देशांत बाष्प अडवायचं प्लास्टिक आतून लावतात. आपल्याकडे पावसाळ्यात उलट होतं: बाहेर उबदार दमट हवा, आत एसी. आतून लावलेल्या प्लास्टिकमागेच पाणी साचेल. त्या दिवसांत साधारण 25 अंशांखाली गेलेल्या काचेवर थेंब धरतात. एसी 20वर ठेवला की गॅलरीकडची काच आणि भिंत घामेजते. 26 ठेवा, पंखा लावा. गॅलरीत कपडे वाळत घातले असतील तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

उन्हासाठी काचेच्या आत पडदा लावून फारसं भागत नाही. बाहेरून चिक किंवा ताडपत्रीची सावली द्या. पत्र्याखाली इन्सुलेशन घालाल तर गळती बुजवल्यावर, आणि सांधे नीट बंद करून. नाहीतर पत्र्यावरचं दव आत झिरपतं.

घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हे काम पुढे ढकलू नका. कोरड्या भिंतीवरच प्लास्टर आणि रंग टिकतो, म्हणून मिस्त्रीला एप्रिलमध्येच बोलवा.