चार्टची प्रिंट रखडतेय? नवा प्रिंटर घेण्याआधी हे करा

सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर असते. शाळेत निकालपत्रक द्यायचे असते. एक्सेलमधला चार्ट तयार असतो, पण प्रिंट काही बाहेर येत नाही. मागे माणसे खोळंबतात आणि दोष प्रिंटरला मिळतो. पुष्कळदा दोष प्रिंटरचा नसतो. चार्टच जड झालेला असतो, आणि तो हलका करणे तुमच्या हातात आहे.

पहिली गोष्ट, प्रिंटचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दर वेळी नवे काम रांगेत लागते. मग एकाच चार्टच्या चार-पाच प्रती निघतात आणि कागद, शाई वाया जाते. प्रिंटरची रांग उघडा आणि अडकलेली कामे रद्द करा.

आता दोष कुठे आहे ते पाहा. प्रिंट न काढता फाइल पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पीडीएफ व्हायलाच वेळ लागला, तर चार्ट जड आहे असे समजा. पीडीएफ चटकन झाली, तर ती उघडून तिचीच प्रिंट काढा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

चार्टला हात लावण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. बदल त्या प्रतीतच करा. मूळ आकडे सुरक्षित राहतील आणि तुम्हीही निर्धास्त राहाल.

मग सजावट काढा. सावली, थ्रीडी, एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारा रंग आणि आरपार दिसणारा रंग, हे सगळे पडद्यावर छान दिसते. छापताना मात्र अशा भागाचे बहुतेक वेळा मोठे चित्र बनवून प्रिंटरकडे पाठवावे लागते. साधा, सपाट रंग थोडक्या सूचनेत जातो. तोच ठेवा. चार्ट वाचायलाही सोपा होईल.

नंतर आकडे तपासा. चार्टसाठी अख्खा कॉलम निवडला आहे का? एक्सेलच्या एका कॉलममध्ये 10,48,576 ओळी असतात. जेवढ्या ओळींत आकडे आहेत तेवढ्याच निवडा. पाच वर्षांच्या रोजच्या नोंदी असतील, तर ठिपके अठराशेच्या वर जातात. हातभर कागदावर ते वेगळे दिसतच नाहीत. महिन्याची सरासरी घ्या, म्हणजे साठच ठिपके उरतील. रेषेवरच्या खुणाही काढून टाका.

छापायचे तेवढेच छापा. चार्टवर एकदा क्लिक करून मग प्रिंट द्या, म्हणजे एक्सेल फक्त तो चार्ट छापते. चार्टसोबत तक्ताही हवा असेल, तर तेवढा भाग निवडून ‘प्रिंट एरिया’ ठरवा. किती पाने निघणार, हे प्रिव्ह्यूमध्ये पाहूनच पुढे जा.

आता प्रिंटरची सेटिंग पाहा. दर्जा 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) असेल तर 300 करा. लांबी आणि रुंदी, दोन्हीकडे ठिपके निम्मे होतात. म्हणजे एकूण काम चौथ्या हिश्श्यावर येते. सभेत वाटायच्या कागदाला एवढा दर्जा पुरतो.

तुम्ही लिब्रेऑफिस वापरत असाल, तर ऑप्शन्समधल्या ‘प्रिंट’ विभागात जा. तिथे पारदर्शकता, रंगछटा आणि चित्रांचा दर्जा छपाईपुरता कमी करता येतो. चार्टला हात लावावा लागत नाही.

एवढे करूनही साधी, अक्षरांची पानेही रखडत असतील, तर मात्र प्रिंटरची जोडणी तपासून घ्या. त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. कुठल्याही अनोळखी लिंकवरून काही उतरवू नका.

एक्सेलमधला चार्ट एकदा हलका झाला की त्यावर राइट क्लिक करून तो टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. पुढच्या महिन्याचा चार्ट त्यावरूनच बनवा. आणि प्रिंट सभेच्या सकाळी नव्हे, आदल्या दिवशी काढा. काही अडलेच, तर दुरुस्तीला वेळ मिळेल.