आधी निदान, मग खत

डॉक्टरांच्या स्मरणिकेत टोमॅटोच्या खताविषयी लेख पाहून सुज्ञ वाचकांना नवल वाटेल. परंतु पांडेसऱ्यातील माझ्या दवाखान्यात जी चूक मी रुग्णांना करू देत नाही, तीच घराच्या गच्चीवर मी स्वतः केली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हिवाळ्याच्या आरंभी आठ-दहा कुंड्यांत रोपे लावली. वाढ मंद वाटली म्हणून दर आठवड्याला चमचाभर युरिया देत गेलो. झाडे गर्द हिरवी, कमरेएवढी झाली. फुले मात्र मोजकीच! युरियात 46 टक्के नत्र असते आणि नत्राचा जोर पानांवर व फांद्यांवर. फुलोऱ्यानंतर झाडाला पालाश अधिक लागते, हे मी शेतकऱ्याचा मुलगा असूनही विसरलो. जरा थकवा आला की 'बाटली चढवा' म्हणणारा रुग्ण आणि मी, यांत फरक तो काय राहिला?

पुढे जी थोडी फळे धरली त्यांची बुडे काळी पडून कुजू लागली. कॅल्शियमची कमतरता, असे निदान करून मी अंड्यांची टरफले कुटून घातली. ती मातीत विरघळायला फार काळ लागतो. शिवाय आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम सहसा कमी नसते. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोहोचावे लागते. दवाखान्याच्या गर्दीत मी दोन दिवस पाणी विसरायचो आणि तिसऱ्या दिवशी कुंडी तुडुंब भरायचो. दोष तिथे होता. नत्राच्या अतिरेकानेही हा विकार बळावतो.

आता जरा परखड लिहितो. आपल्यापैकी अनेकांची मुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. चुलीतली राख परसातल्या भाजीला घालणारी आजी आपण पाहिली आहे. ती राख लाकडाची, काड्यांची, गोवऱ्यांची; तीत पालाश असते, तरी आपल्या मातीला ती चिमूटभरच पुरे. मिलच्या बॉयलरमधील दगडी कोळशाची राख दिसायला तशीच, पण झाडाच्या उपयोगाचे पालाश तीत नगण्य आणि आर्सेनिक, शिसे यांसारखी विषारी द्रव्ये असू शकतात. फुकट मिळते म्हणून ती लेकराबाळांच्या भाजीत घालणे मला साफ अमान्य आहे, आणि हे रुग्णांना सांगणे मी आपणा डॉक्टरांचेच काम समजतो. आजीचा उपाय घेताना आजीची चूलही आठवावी!

हल्ली मी दोन भाग मातीत एक भाग मुरलेले शेणखत मिसळतो, फुले आल्यावर मूठभर गांडूळखत देतो आणि माती पाहून नेमाने पाणी घालतो. युरियाची पिशवी गच्चीवरून हलवली आहे.

मध्यंतरी मिलमध्ये काम करणाऱ्या एका रुग्णाने मोठ्या प्रेमाने राखेची गोणी आणून दिली. त्याला बसवून चहा पाजला, कारण समजावले आणि जाताना त्याच्या हाती गांडूळखताची पिशवी दिली. गोणी अजून जिन्याखाली आहे. ती कुठे टाकावी, हा प्रश्न सुटलेला नाही.