‘मोटर जळाली’ म्हणण्याआधी

गणपती तोंडावर आलेले असतात, ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो आणि नेमकी तेव्हाच घरातल्या जुन्या शिलाई मशीनची मोटर मान टाकते. दुकानात नेली की निकाल ठरलेला: जळाली, नवी बसवा. हा निकाल मशीन उघडूनही न बघता दिला जातो, हे चुकीचं आहे. जुनी मोटर जळण्याच्या कितीतरी आधी झिजते, सुकते, अडकते. या तिन्हींवर इलाज आहे.

आधी पट्टा काढावा आणि चाक हाताने फिरवून बघावं. ते जड जात असेल, तर दोष मोटरीचा नाहीच. वर्षानुवर्षांचं तेल आटून चिकट झालेलं असतं, शटलमध्ये दोरा गुंतलेला असतो, आणि बिचारी मोटर ते ओझं ओढता ओढता तापते.

चाक हलकं फिरत असेल, तर मात्र मोटरीकडे वळावं. मोटर उघडण्याआधी प्लग काढायचाच. सिंगर २०१के किंवा १५के यांसारख्या यंत्रांवरची मोटर युनिव्हर्सल जातीची, म्हणजे एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारी. ही यंत्रं बनत होती तेव्हा अनेक शहरांत डीसी वीजही होती. या मोटरीत कार्बनचे दोन छोटे ब्रश फिरत्या कम्युटेटरवर दाबून बसतात आणि घासून आखूड होत जातात. ब्रश फार आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. मग वेग कमी होतो, वास येतो, ठिणग्यांचं कडं दिसू लागतं. बारीक निळसर ठिणगी मात्र चालते, तिला घाबरू नये. ब्रश बदलणं हे नव्या मोटरीच्या खर्चापुढे काहीच नाही. जुनाच ब्रश परत बसवायचा असेल, तर तो ज्या बाजूने होता तसाच बसवावा, कारण त्याचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईनुसार घासलेलं असतं.

आणखी एक खोड: पायाखालच्या पेडलवर पाय नसताना मशीन आपोआप धावायला लागतं. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून पेडलमध्ये एक कपॅसिटर असे. तो म्हातारपणी गळू लागला की वीज पेडल न दाबताही पुढे जाते. अशा वेळी ताबडतोब प्लग ओढावा आणि मशीन कारागिराकडे द्यावं, स्वतः शहाणपणा करू नये.

जिवाला धोका आहे तो वायरींचा. जुनं रबर तुटून तांबं उघडं पडतं आणि मशीनचं अंग तर सगळं धातूचं. कोकणात एक पावसाळा बंद पडून राहिलेल्या मोटरीत ओल शिरते, मग हाताला झिणझिण्या येतात. जाणकार मिस्त्री अशी मोटर थेट लाइनला जोडत नाही, आधी सिरीज बल्बवर तपासतो. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, हे त्याला लगेच कळतं.

ही विद्या फार अवघड नाही, आणि ती शिकवायला जागाही आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. तिथे साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते आणि प्राथमिक प्रशिक्षणही असतं. त्या प्रशिक्षणातला एक तास ब्रश, पेडल आणि वायर तपासायला ठेवावा, आणि तो मशीन उघडून, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन घ्यावा.