के-टू नक्की कोणी सर केलं?

परवा चहाला गेलो असताना टीममधल्या एकाने प्रश्न टाकला, "के-टू पहिल्यांदा कोणी सर केलं?" दुसऱ्याने मोबाईल काढून वाचलं: इटलीचे कॉम्पान्योनी आणि लाचेदेल्ली, ३१ जुलै १९५४. विषय संपला. माझा मात्र नाही संपला.

के-टू, ८६११ मीटर, उंचीत जगात दुसरं. नाव ऐकून प्रोग्रॅममधला व्हेरिएबल वाटतो ना? आहेच तसं. १८५६ साली मॉन्टगोमेरी नावाच्या सर्व्हेवाल्याने काश्मीरातल्या हरमुखवरून सुमारे दोनशे किलोमीटर लांबची शिखरं टिपली आणि त्यांना नंबर दिले. के म्हणजे काराकोरम. के-वनचं स्थानिक नाव सापडलं, माशेरब्रम. के-टूचं रुळलेलं नाव काही मिळेना. मिळणार कसं? अस्कोले या शेवटच्या गावातूनही ते दिसत नाही! पुढे गॉडविन-ऑस्टिन साहेबांचं नाव द्यायचं घाटत होतं, ते रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने मानलं नाही. बरंच झालं.

म्हणजे डोंगर कोणाच्या नावावर झाला नाही. चढाई मात्र दोघांच्या नावावर झाली.

३० जुलैला या दोघांसाठी ऑक्सिजनची सिलिंडर्स वर नेली वॉल्टर बोनात्ती आणि हुंझाच्या अमीर मेहदीने. ठरलेल्या जागी तंबूच नव्हता! सुमारे ८१०० मीटरवर दोघांनी उघड्या बर्फात रात्र काढली. मेहदीच्या पायाची बोटं गेली. आणि तीच सिलिंडर्स पाठीवर घेऊन दुसऱ्या दिवशी शिखर सर झालं. बोनात्तीचं म्हणणं इटालियन अल्पाइन क्लबने अधिकृतपणे मान्य करायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

कोणी म्हणेल, वर पोचले ते दोघेच, मग नाव त्यांचंच. मान्य, पण "वर कोण पोचलं" आणि "कोणी सर केलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत राव! आपल्याकडेही रिलीजच्या मेलमध्ये डेमो देणाऱ्याचं नाव असतं. रात्री तीनला सर्व्हर उभा करणारा 'अँड टीम' मध्ये. मागच्या वर्षी तसा मेल मीच लिहिलाय, म्हणून जास्त टोचतं.

१६ जानेवारी २०२१ ला के-टू पहिल्यांदा हिवाळ्यात सर झालं. दहा नेपाळी गिर्यारोहक शिखराच्या जरा खाली एकमेकांसाठी थांबले आणि एकत्र वर गेले. पहिला कोण, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही.

पुढच्या रिलीजच्या मेलमध्ये सगळी नावं असतील. लांबलचक झाला तरी चालेल.