तेलाच्या चकाकीखालची भेग

लग्नसराईत पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात किंवा शेजारच्या खारघरात वरातीचा घोडा निघाला की सगळ्यांचे लक्ष झुलीकडे आणि कलगीकडे जाते. खाली खुरांना तेल चोपडलेले असते, म्हणून तीही चकाकतात. ही चकाकी फसवी असते. कोरड्या, भेगाळलेल्या खुराचा उपाय तेलाच्या डब्यात आहे, हा समज घोड्याला महागात पडतो.

खूर हे आपल्या नखासारखेच शिंगट द्रव्य. केस संपतात तिथल्या कडेतून ते खाली वाढत येते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. वरच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत पोचायला त्याला ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे पायाचे टोक पाहताना आपण गेल्या वर्षीचे खूर पाहत असतो. वरच्या कडेला झालेली इजा, आजारपणातला ताप, चाऱ्यातली कमतरता यांच्या खुणा तिथवर उतरायला तेवढाच काळ लागतो.

मग कोरडेपणा वाईट का? निव्वळ कोरडेपणा नव्हे. कोरडे खूर टणक असते. घात होतो तो ओल आणि सुकेपणा आलटून पालटून आल्याने. कोकणपट्टीत चार महिने चिखल आणि ओला तबेला, नंतर ऊन आणि तापलेले काँक्रीट. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याला फटी पडतात, तसेच खुराचे होते. फुगताना नालेचे खिळे सैल होतात, आक्रसताना त्याच भोकांतून चीर सरकते. तबेल्याची ओली जमीन चांगल्या खुरांचीही नासाडी करते, हे ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. तरीही रोज खुरे धुवायची आणि ओल्या खुरावर तेल फासायचे, असा शिरस्ता आढळतो. तेल आत पाणी भरत नाही. उलट ओल आणि घाण कोंडून जंतूंना आसरा मिळतो.

भेगांचे दुसरे कारण म्हणजे लांबलेली छाटणी. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कानसून समतोल करावे लागते. टोक वाढले की प्रत्येक पावलाला ते तरफेसारखे उचकटते आणि भेग वर चढते. कुशल नालबंद हाताशी नसला, किंवा कमाईच्या दिवसांत त्याच्यासाठी सवड काढली नाही, की खर्च पुढे ढकलला जातो. वाचत मात्र नाही. बायोटिनसारख्या पूरकाचाही फायदा झालाच तर तो नव्याने येणाऱ्या शिंगात होतो. जुनी भेग त्याने सांधली जात नाही. वरच्या कडेपासून निघालेली भेग, रक्त, पू, खुराला गरमपणा किंवा लंगडणे दिसले तर पशुवैद्यच हवा. जंतू असलेली भेग वरून बुजवली तर आजार आत वाढतो.

खुराखालची वाटही तितकीच महत्त्वाची. पनवेल तालुक्याच्या पूर्वेला माथेरान आहे. तिथे मोटारींना बंदी, म्हणून घोडे हीच अनेक कुटुंबांची रोजीरोटी. लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर घोडे घसरतात, ही अश्वपालांची तक्रार आहे. रस्ता बदलला की पायावरचा भार बदलतो, हे त्या तक्रारीतले मर्म. ओव्यासारख्या गावांत तर मातीची वाट जाऊन काँक्रीट केव्हाच आले. तिथे घोड्याच्या पायांचा विचार कोणी केला असेल, असे वाटत नाही.

जखमी किंवा कामाला असमर्थ जनावर राबवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण लंगडणे दिसेपर्यंत भेगेकडे पाहायचेच नाही, ही सवय नुसत्या कायद्याने सुटत नाही. तिला उत्तर साधे आहे: कोरडी बसायची जागा, रोज खुरे उचलून साफ करणे आणि ठरल्या दिवशी नालबंद. वरात ठरवणाऱ्यानेही सुपारी देण्याआधी चारही पाय उचलून पाहावेत.

कारण आषाढातल्या चिखलात वरच्या कडेला झालेली इजा पुढच्या वैशाखात खुराच्या टोकाशी उतरते, ऐन लग्नसराईत. तेव्हा तेलाचा डबा शोधण्यात अर्थ नसतो.